गोल पिकनिक

काटेसाहेबांनी बागेच्या परवानगीच्या अर्जाला पदार्थांच्या यादीचं तीन पानी परिशिष्ट जोडलं आणि तिथेच सगळं बिघडलं. ते जोडलं नसतं तर दोन माणसं, एक डबा आणि एक थर्मास एवढ्यावर ही गोष्ट आटोपली असती. पण वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कोऱ्या रकान्यासमोर गप्प बसता येत नाही. अर्जात विचारलं होतं, 'सोबत आणावयाचे खाद्यपदार्थ'. बाकीचे लोक तिथे 'अल्पोपाहार' असं खरडून मोकळे होतात. काटेसाहेबांनी लिहिलं, 'परिशिष्ट अ पाहावे'.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. बाजारातल्या दुकानदारांनी रागाने ठेवलेलं ते नाव. निवृत्तीनंतर दुकानदार सुटले, नाव मात्र साहेबांच्या मागोमाग घरापर्यंत आलं, आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. साहेबांनी आधी निषेध नोंदवला, मग ओ द्यायला लागले.

पिकनिकचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पत्नीचं, ज्यांना सगळी इमारत वहिनी म्हणायची, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळ्यांनी सांगितलं. फक्त वहिनी घरी आल्या त्या जेवणं विसरूनच. ताट समोर ठेवलं की त्या ताटाकडे अशा बघायच्या, की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि ती व्यक्ती आत्ता येईल. डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, "वजन एक्केचाळीसच्या खाली गेलं तर घरी ठेवू नका. दाखल करायचं. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल." बाजूला घेऊन म्हणजे दारातच. वहिनींनी सगळं ऐकलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तशी नळी होती. घरी येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, नळी नको हं."

आता एक्केचाळीस हा आकडा एकदा कानावर पडल्यावर काटेसाहेब स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. त्यांनी वजनाचं यंत्र आणलं. विकत घेतलेल्या यंत्रावर विश्वास ठेवणं हे त्यांच्या रक्तात नसल्यामुळे, निवृत्तीच्या दिवशी खात्याने भेट दिलेली पितळी वजनांची पेटी काचेच्या कपाटातून काढून त्यांनी ते यंत्र तपासलं. मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पाच वजनं होती: एक किलोचं, पाचशेचं, दोनशेची दोन, शंभराचं एक. यंत्र खरं निघालं. साहेबांना किंचित वाईटच वाटलं. पेटी परत कपाटात गेली आणि दर रविवारी अंघोळीनंतर वहिनी यंत्रावर उभ्या राहू लागल्या. पहिल्या रविवारी त्रेचाळीस किलो दोनशे. दुसऱ्या रविवारी बेचाळीस चारशे. तिसऱ्या रविवारी एक्केचाळीस सातशे.

त्या तिसऱ्या रविवारी वहिनी यंत्रावरून उतरल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. समोरच्या इमारतीच्या भिंतीशिवाय त्या खिडकीतून काही दिसत नाही. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कुठेतरी बाहेर, पाण्याशेजारी बसलं ना, तर जातील कदाचित दोन घास."

काटेसाहेबांनी ते वाक्य शासकीय आदेशासारखं घेतलं.

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ते उद्यान विभागात खिडकी क्रमांक तीनसमोर उभे होते. गावाबाहेरच्या तळ्याकाठी बाग होती. तिथे हिरवळीवर बसून खायचं तर लेखी परवानगी लागते, अशी पाटीच होती.

"हे काय?" खिडकीतल्या बाईंनी परिशिष्ट दोन बोटांनी उचललं.

"पदार्थांची यादी. नगांनुसार आणि वजनानुसार."

"इथे फक्त अल्पोपाहार लिहायचं असतं."

"अल्प म्हणजे किती?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी खण उघडला, एक जुनं परिपत्रक काढलं आणि त्या क्षणापासून साहेबांचा अर्ज साधा अर्ज राहिला नाही.

"पाचपेक्षा जास्त पदार्थ असले की ते भोजन. भोजनाचा अर्ज वेगळा. आणि इथे उकडलेली अंडी लिहिलंय तुम्ही. म्हणजे आग आली."

"अंडी घरी उकडणार."

"मग तसं लिहून द्या."

साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की सदर अंडी उद्यानाच्या हद्दीत प्रवेश करण्यापूर्वी पूर्णपणे उकडलेली असतील.

"माणसं किती?"

"दोन. मी आणि पत्नी."

"दोघांना हिरवळ मिळत नाही. ती सामुदायिक वापरासाठी आहे. किमान दहा."

"मग दोन माणसांनी काय करायचं?"

"बाकावर बसायचं."

"आणि तिथे खायचं?"

"बसायला बाक. खायला हिरवळ." बाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की साहेबांना क्षणभर आपल्याच खात्यात आल्यासारखं वाटलं.

दुसरा कोणीही असता तर सरळ बाकावर बसला असता, रखवालदाराची पाठ फिरल्यावर बायकोला दोन घास भरवून घरी आला असता. पण ज्याने जन्मभर पाच ग्रॅमसाठी लोकांना नोटिसा काढल्या, तो माणूस बाकावर चोरून सँडविच कसं खाणार? नियम आहे म्हटल्यावर आहे. आठ माणसं गोळा करायची ठरवून साहेब घरी आले.

माणसं गोळा करणं अवघड गेलं नाही; अवघड गेलं ते नंतर. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. इमारतीत त्यांना हेडबाई म्हणत. त्यांनी साहेबांचं बोलणं संपायच्या आत होकार दिला, आपल्याबरोबर शाळेतल्या तीन निवृत्त शिक्षिकांची नावं घातली आणि विचारलं, "थीम काय आहे?"

"कसली?"

"पिकनिकची. थीमशिवाय पिकनिक म्हणजे नुसतं बाहेर बसून खाणं."

नुसतं बाहेर बसून खाणं हाच बेत आहे, हे सांगायचं साहेबांच्या ओठांवर आलं होतं. पण हेडबाईंसमोर माणूस आपोआप बाकावर बसल्यासारखा होतो. ते म्हणाले, "ठरवतो."

उरलेले चौघे म्हणजे शेजारच्या दारातले विमावाले, त्यांची बायको आणि दोन मुली. विमावाले विम्याचं काम करत आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीत त्यांना आधी अपघात दिसे. "येतो की," ते म्हणाले, "पण साहेब, असं होऊ नये, पण समजा उन्हात अंडी खराब झाली. समजा वहिनींना तिथे चक्कर आली. समजा तळ्यात कुणी घसरलं. मी आपलं म्हणतो हं." ते आपलं म्हणून गेले आणि साहेबांना तीन दिवस झोप लागली नाही.

बुधवारी साहेबांच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली. हेडबाईंनी लाल पेन आणलं होतं. त्यांनी 'पांढरी पिकनिक' सुचवली: काकडीची सँडविचेस, अंडी, फ्लॉवर, साधा केक, सगळं पांढरं. विमावाल्यांच्या बायकोला 'प्रवास' हवा होता, म्हणजे प्रत्येक पदार्थ वेगळ्या देशातला. कुठल्या देशातला हे कळणार कसं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, झेंडे लावू. साहेबांनी आपला प्रस्ताव मांडला, 'एका हातात मावणारे, न सांडणारे, पन्नास ग्रॅमच्या आतले पदार्थ'. ही थीम नसून निविदा आहे, असा शेरा मारून हेडबाईंनी त्याला दहापैकी तीन गुण दिले. शेवटी विमावाल्यांच्या धाकट्या मुलीने कंटाळून म्हटलं, "सगळं गोल करा ना." गोलाला कोपरे नसतात, त्यामुळे लागत नाही, असं म्हणून विमावाल्यांनी लगेच अनुमोदन दिलं. गोल पिकनिक ठरली. छोटे गोल पाव, बटाट्याचे भाजलेले गोळे, द्राक्षं, छोटे टोमॅटो, संत्री, गोल बिस्किटं. अंडी गोल की लंबगोल यावर अर्धा तास गेला, आणि उद्यान विभागाला त्यांच्याबद्दल लेखी दिलेलं असल्यामुळे ती यादीत राहिली.

वहिनी या सगळ्या वेळात कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल गुंडाळून बसल्या होत्या. प्रत्येकजण बोलता बोलता त्यांच्याकडे बघून म्हणे, "काय वहिनी, बरोबर ना?" आणि त्या म्हणत, "तुम्ही ठरवाल ते." त्यांना काय खावंसं वाटतं हे त्या सभेत कुणीही विचारलं नाही. सभेचा विषय तो नव्हता.

मग प्रयोग सुरू झाले. काटेसाहेबांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलं नव्हतं. आता ते सकाळपासून स्वयंपाकघरात ओटा मोजून विभागत होते. पदार्थ सोपा असला पाहिजे आणि नेता आला पाहिजे. नेता येतो की नाही हे ठरवायला त्यांनी जिन्याची चाचणी काढली. पदार्थ डब्यात भरायचा, डबा पिशवीत, पिशवी हातात, आणि दोन मजले खाली-वर. पावांत काकडी घातली तर पहिल्या मजल्यापर्यंत पाव ओले होत. लोणी घातलं तर टिकत. बटाट्याचे पहिले गोळे जिन्यावर एकजीव होऊन डब्याच्या आकाराचे झाले, म्हणजे चौकोनी, आणि थीममधून बाद ठरले. दुसऱ्या खेपेला साहेबांनी त्यांत पावाचा चुरा घातला. हे गोळे इतके घट्ट झाले की विमावाल्यांनी एक हातात घेऊन पाहिला आणि अलगद खाली ठेवला.

प्रत्येक प्रयोगाचा पहिला घास वहिनींचा. साहेब बशी पुढे करत, वहिनी एक तुकडा तोंडात घालत, मान हलवत. "बाकीचं खाते सावकाश," त्या म्हणत, आणि साहेब पुढच्या चाचणीसाठी जिन्यात जात. परत येईपर्यंत बशी रिकामी असे. रिकामी बशी! साहेब ती उजेडात धरून बघत.

आणि चौथ्या रविवारी यंत्राने एक्केचाळीस किलो नऊशे दाखवलं.

दोनशे ग्रॅम वाढ. साहेबांनी यंत्र पुसलं, वहिनींना पुन्हा उभं केलं. एक्केचाळीस नऊशे. अंगावर लोकरीचं जाकीट होतं, कारण वहिनींना हल्ली अंघोळीनंतर फार थंडी वाजायची. पण साहेबांनी जाकिटाचं वजन पहिल्याच दिवशी वेगळं करून ठेवलेलं होतं, तीनशे दहा ग्रॅम, आणि ते वजा करूनच हा आकडा आला होता. पाचव्या रविवारी बेचाळीस शंभर. साहेबांनी परदेशातल्या लेकीला फोन करून आकडा दोनदा सांगितला. ती रडायला लागली तसा त्यांनी तिसऱ्यांदा सांगितला. हेडबाईंना सांगितला, पोस्टमनला सांगितला. खिडकी क्रमांक तीनमधल्या बाईंनासुद्धा सांगितला; तेव्हा त्यांनी भोजनाच्या अर्जावर शिक्का मारला. जन्मात पहिल्यांदा साहेबांना वाटलं की आपल्या हातचं काहीतरी कुणाच्या अंगी लागतंय. फक्त एवढ्यात खिडकीवर कबुतरं फार यायला लागली होती. त्याबद्दल त्यांनी सोसायटीकडे एक पत्र दिलं.

पिकनिकचा रविवार उजाडला तो ढगाळ. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं आभाळ खाली उतरल्यासारखं. सकाळी वजन झालं: बेचाळीस चारशे. साहेब वहीत आकडा लिहितायत तोच हेडबाईंनी बेल दाबून धरली. गाडी खाली उभी आहे, शिक्षिका आत बसल्या आहेत, उशीर करणाऱ्यांसाठी कोणी थांबणार नाही. वहिनी म्हणाल्या, "जरा आत जाऊन येते." हेडबाई म्हणाल्या, "तिथे सोय आहे," आणि त्यांचा दंड धरून जिन्याकडे निघाल्या. वहिनींनी दोन्ही हात जाकिटाच्या खिशांत घातले. पूर्ण रस्ताभर ते हात त्यांनी बाहेर काढले नाहीत. साहेबांना वाटलं, थंडी.

बागेत गेल्यावर कळलं की परवान्यावर हिरवळ क्रमांक चार आहे. हिरवळ क्रमांक एक ते तीन सपाट होत्या आणि त्यांवर 'देखभाल सुरू' अशा पाट्या होत्या. हिरवळ क्रमांक चार थेट तळ्यात उतरत गेलेली होती.

"हा उतार आहे," साहेब रखवालदाराला म्हणाले.

त्याने परवाना उलटसुलट बघितला. "सपाट पाहिजे असं लिहिलेलं नाही यात."

तीन पानी परिशिष्टात खरंच ते नव्हतं.

उताराच्या वरच्या टोकाला चादर पसरली. ती खाली सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. वहिनींना घडीच्या खुर्चीत बसवलं, पाण्याकडे तोंड करून. तळं राखाडी होतं. पलीकडच्या काठाला कुणी नव्हतं. विमावाल्यांनी उताराकडे बघून "असं होऊ नये" एवढंच म्हटलं. हेडबाईंनी पदार्थ मांडायला घेतले. मोठ्या परातीत मधोमध संत्री, त्यांच्याभोवती अंडी, मग बटाट्याचे गोळे, पाव, टोमॅटो, कडेने द्राक्षं. वर्तुळात वर्तुळं. मांडणी झाल्यावर त्या उभ्या राहिल्या, घसा साफ केला आणि गोल या आकाराविषयी चार शब्द बोलायला लागल्या. तीन शिक्षिकांनी सवयीने हात बांधले.

चौथा शब्द बोलून व्हायच्या आत परात कलली.

आधी एकच संत्रं निघालं, अगदी हळू, जणू त्याला कुणी हाक मारली होती. मग दुसरं. विमावाल्यांची थोरली मुलगी ते धरायला उठली, तिच्या पायाने कोपऱ्यावरची चप्पल उडाली, चादर सुटली आणि संपूर्ण मेनू तळ्याच्या दिशेने निघाला. सगळं गोल, त्यामुळे काहीच अडेना. टोमॅटो पुढे, अंडी वाकडीतिकडी वळणं घेत मागे, पाव उड्या मारत. साहेबांचे घट्ट गोळे सगळ्यांत वेगात गेले. विमावाले "पाय सांभाळा, पाय सांभाळा" ओरडत स्वतःच बसकण मारून दोन हात घसरले. तीन शिक्षिका पदर खोचून अंड्यांमागे धावत होत्या. पाण्यात टपटप आवाज व्हायला लागले आणि कुठूनशी बदकं आली.

वहिनी हसल्या. साहेबांनी ते पाहिलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्या खळखळून हसल्या, आणि एक संत्रं त्यांच्या खुर्चीजवळून जात होतं ते धरायला वाकल्या.

तेव्हा खिशातून काहीतरी पडलं. गवतावर पडलं तरी त्याचा नाद झाला. मग आणखी एक. मग तीन एकदम.

काटेसाहेबांना बघायची गरज नव्हती. तो आवाज त्यांनी चौतीस वर्षं ऐकला होता. एक किलोचं वजन दोन वेळा उलटंपालटं होऊन थांबलं. पाचशेचं आणि दोनशेची दोन टोमॅटोंच्या मागे गेली. शंभराचं, सगळ्यांत हलकं, थेट पाण्यापर्यंत गेलं आणि बदकांच्या मधोमध बुडालं.

कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे आपापल्या पदार्थामागे होते. साहेब उतरणीवर गेले आणि उरलेलं एकेक वजन वेचलं, रुमालाने पुसलं. वाकताना त्यांच्या डोक्यात बेरीज आपोआप होत होती, ती थांबवता येत नव्हती. एक किलो, पाचशे, दोनशे, दोनशे, शंभर. दोन किलो. बेचाळीस चारशेतून दोन गेले.

ते वर आले आणि खुर्चीशेजारी गवतावर बसले. वहिनींचे हात आता मांडीवर होते.

"दोन्ही खिशांत किलो किलो?" त्यांनी विचारलं.

"हो. नाहीतर जाकीट एका बाजूला ओढायचं. तुमच्या लक्षात आलं असतं."

"आणि बशीतलं?"

"खिडकीत ठेवत होते. कबुतरांना."

साहेबांनी तळ्याकडे पाहिलं. बाजारातले किती लबाड त्यांनी पकडले होते. काट्याखाली मेण लावणारे, पोकळ वजनं ठेवणारे, तळहाताने पारडं दाबणारे. आणि स्वतःच्या घरी, स्वतःच्या पितळेने, दर रविवारी. त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी रागाची वाट पाहिली. तो आला नाही. आलं ते दुसरंच काहीतरी.

"का गं?"

"नळीची भीती वाटते," वहिनी म्हणाल्या. "आणि पहिल्यांदा वाढलं तेव्हा तुम्ही यंत्र पुसलंत, पुन्हा बघितलंत. तुमचा चेहरा बघितला मी. मग पुढच्या रविवारी कमी कसं करू?"

"मी केलेलं वाईट लागायचं का?"

"सगळंच लागतं. तुमचंच असं नाही. तोंडात पितळ धरल्यासारखी चव येते, ऑपरेशन झाल्यापासून. पाण्यालासुद्धा."

"हे सांगितलं नाहीस कधी."

"विचारलं नाहीत. तुम्ही आकडा विचारायचात."

खाली हेडबाई दोन अंडी आणि एक पाव हातात घेऊन चढण चढत होत्या. त्यांच्या साडीला चिखल लागला होता. जवळ येऊन त्या काही बोलणार होत्या, पण त्यांची नजर साहेबांच्या रुमालातल्या वजनांवर गेली, मग वहिनींच्या सैल झालेल्या जाकिटावर. मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी अशी बरीच प्रकरणं हाताळली असावीत. त्यांनी हातातलं सगळं खाली ठेवलं आणि मागे वळून ताडकन हाक मारली, "विमावाले! गाडी काढा. दवाखान्यात जायचंय."

विमावाल्यांनी गाडी काढली. रस्ताभर ते काहीच समजा म्हणाले नाहीत.

दवाखान्याच्या यंत्राने चाळीस किलो चारशे दाखवलं. साहेबांनी तो आकडा उतरणीवरच काढलेला होता, तरी नर्सने मोठ्याने वाचला तेव्हा ते भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचायला लागले. त्यांनी डॉक्टरांना चवीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं पुष्कळदा, आधी सांगायला हवं होतं, औषध बदलून बघू. पण आज नळी घालावी लागेलच. घालताना त्यांनी साहेबांना बाहेर जायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या त्यांना." मग साहेबांनी त्यांचा हात धरला. वहिनींनी तो किती जोराने दाबला ते साहेबांना दुसऱ्या दिवशी स्वतःची बोटं बघून कळलं.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. नळीतून पातळसं काहीतरी थेंब थेंब जायचं, वहिनी छताकडे बघायच्या, साहेब स्टुलावर. दुपारी हेडबाई यायच्या आणि वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्याने वाचायच्या. लेकीला साहेबांनी फोनवर सगळं खरं सांगितलं, आणि ते सांगायला त्यांना यादीची गरज लागली नाही. पाच मिनिटांत संपलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवता ना?"

अकराव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला भेटायला तिची सून आली. तिने डबा उघडला. आत सफरचंद शिजवून आणलं होतं, साखर नाही, मसाला नाही, नुसतं मऊ केलेलं. वाफ निघाली. वहिनींनी मान वळवली. बराच वेळ तशीच ठेवली.

"अहो," त्या नळीमुळे अडखळत म्हणाल्या, "त्यातलं एक चमचाभर देतील का, विचारा ना त्यांना."

आता हे सांगायला हवं की नोकरीच्या सबंध काळात काटेसाहेबांनी कुणाच्या दुकानात पाण्याचा पेलासुद्धा घेतला नव्हता. सणासुदीच्या मिठाया दारातून परत पाठवल्या होत्या. मागणं ही क्रिया त्यांच्या शरीराला ठाऊकच नव्हती. ते उठले, कपाटातून वाटी घेतली आणि चार पावलांवरच्या त्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले. म्हातारी त्यांच्याकडे बघत होती, सून बघत होती. साहेबांनी शेवटी नुसती वाटी पुढे धरली.

"वहिनींना हवंय?" सुनेने विचारलं. "किती घालू?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे त्यांना वाटी नीट दिसत नव्हती.

"तुम्हाला वाटेल तेवढं," ते म्हणाले.

त्यांनी नर्सला विचारलं, नर्सने डॉक्टरांना विचारलं, आणि मग चमचा वहिनींच्या ओठांशी नेला. पहिला घास त्यांनी तोंडात इतका वेळ ठेवला की साहेबांना वाटलं, आता बाहेर येणार. तो गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

साहेब वाटी धुवून आले तेव्हा त्या जाग्या होत्या.

"उद्या पुन्हा मागाल का?"

"मागेन."

"त्यांना वाईट नाही वाटणार?"

"वाटलं तर वाटलं," काटेसाहेब म्हणाले, आणि स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढून बसले.